ऑटो-डेबिट थांबवताना कोण किती साथ देतं: यूपीआय ऑटोपे, कार्ड आणि नॅचचा रिव्ह्यू

खात्यातून ठरल्या तारखेला पैसे आपोआप कापले जाण्याचे आपल्याकडे मुख्य तीन मार्ग आहेत: यूपीआय ऑटोपे, कार्डावरचं ई-मँडेट (मँडेट म्हणजे पैसे कापायला बँकेला दिलेली परवानगी) आणि नॅच, म्हणजे बँक खात्यातून थेट वसुली करणारी व्यवस्था. सुरू करायला तिन्ही सोपे आहेत, त्यामुळे त्यावर गुण देण्यात अर्थ नाही. या रिव्ह्यूत दोनच गोष्टी तपासल्या आहेत. कापणं थांबवायचं असेल तर ते किती लवकर थांबतं, आणि चुकीने गेलेले पैसे परत मिळवायला किती खेटे घालावे लागतात. या कसोटीवर यूपीआय ऑटोपेला पाचपैकी चार, कार्डाला तीन आणि नॅचला जेमतेम दोन. तिन्हींचा कमकुवत भाग मात्र एकच आहे. पैसे जाण्याआधी ग्राहकाच्या हातात बरंच काही असतं, गेल्यानंतर फारच थोडं.

युरोपात सेपा डायरेक्ट डेबिटने, म्हणजे तिथल्या सामायिक ऑटो-डेबिट व्यवस्थेतून, गेलेले पैसे ग्राहक आठ आठवड्यांच्या आत कारण न सांगता बँकेकडून परत मागू शकतो. परवानगीच दिलेली नसेल तर ही मुदत १३ महिने आहे. आपल्याकडे असा विनाअट हक्क नाही. त्याऐवजी रिझर्व्ह बँकेने कार्ड आणि यूपीआयसाठी आगाऊ सूचनेचा नियम केला आहे: पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला मेसेज किंवा ईमेल जायलाच हवा. त्यात कोण कापणार, किती, कधी आणि कशासाठी हे लिहिलेलं असतं. बहुतेक जण तो जाहिरातीचा मेसेज समजून पुसून टाकतात, आणि खरं दुखणं तिथूनच सुरू होतं.

आधी आपलं डेबिट कुठल्या मार्गाने जातंय ते ओळखायचं. पासबुकात किंवा स्टेटमेंटमध्ये नोंदीसमोर 'एसीएच' किंवा 'नॅच' दिसलं तर ते नॅच. 'यूपीआय' आणि सोबत मँडेटचा उल्लेख असला तर ऑटोपे. डेबिट कार्डाची नोंद असली, किंवा पैसे क्रेडिट कार्डाच्या बिलात आले, तर कार्डाचं ई-मँडेट. 'एसआय' असं नुसतंच असेल तर बहुधा त्याच बँकेतली स्थायी सूचना, म्हणजे आवर्ती ठेव, लॉकरचं भाडं किंवा त्याच बँकेचं कर्ज. ही शेवटची भानगड शाखेतच सुटते, कुठल्याही ॲपमध्ये नाही. नोंदीतलं नाव अनोळखी वाटलं म्हणून लगेच फसवणूक समजू नका. ॲपचं नाव एक आणि ते चालवणाऱ्या कंपनीचं नोंदणीकृत नाव दुसरंच, हे नेहमीचंच आहे. कधी मधल्या पेमेंट गेटवेचंच नाव छापलेलं असतं.

यूपीआय ऑटोपे जुलै २०२० मध्ये आलं आणि आज ओटीटीपासून एसआयपीपर्यंत सगळीकडे तेच दिसतं. रद्द करण्याची वाट अशी: ज्या ॲपमधून मँडेट दिलं ते उघडायचं, प्रोफाइलमध्ये जायचं, 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' शोधायचं, चालू मँडेटच्या यादीतलं हवं ते निवडायचं, 'रद्द करा' दाबून यूपीआय पिन टाकायचा. मिनिटभराचं काम आहे. लगेच रद्द झाल्याचा मेसेज येतो, त्याचा स्क्रीनशॉट ठेवायचा. पुढे वाद झाला तर त्यावरची तारीख आणि वेळच कामाला येते. पूर्ण रद्द करायचं नसेल तर बऱ्याच मँडेटना थोड्या काळासाठी थांबवण्याचीही सोय असते. व्यायामशाळा दोन महिने बंद ठेवायची असेल तर ती बरी.

गोंधळ होतो तो ॲप बदलणाऱ्यांचा. फोनमधून जुनं पेमेंट ॲप काढून टाकलं म्हणजे मँडेट गेलं, असं अनेकांना वाटतं. मँडेट ॲपमध्ये राहत नाही, ते तुमच्या यूपीआय आयडीवर आणि बँकेत नोंदलेलं असतं. ॲप गेलं तरी पैसे जातच राहतात, आणि आता यादी बघायला ॲपही नसतं. यावर यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने ऑक्टोबर २०२५ मध्ये उपाय काढला. एका ॲपमधून दिलेली मँडेट दुसऱ्या ॲपमध्येही दिसावीत आणि हवं तर तिकडे हलवता यावीत, असं परिपत्रक निघालं. तुमच्या ॲपमध्ये ही सोय दिसत नसेल तर जुनं ॲप पुन्हा टाकून त्याच नंबरने लॉगिन करायचं, मँडेट रद्द करायचं आणि मग ॲप काढायचं. क्रम उलटा झाला की काम वाढतं.

मँडेट देताना जो पडदा समोर येतो तो एकदा नीट वाचण्यासारखा आहे. वर ठळक अक्षरात '१ रुपया भरा' असतं, पहिला महिना मोफत असं काहीतरी असतं. खाली बारीक अक्षरात चार ओळी असतात: कमाल रक्कम, किती वेळाने, कधीपासून, कधीपर्यंत. एका रुपयाच्या मोहात पिन टाकला जातो आणि खालच्या ओळीत कमाल रक्कम हजारांत असते, शेवटची तारीख दहा-वीस वर्षांनंतरची. पिन त्या खालच्या ओळींसाठी घेतला जातो. वरचा रुपया हे फक्त निमित्त. ₹१५,००० पर्यंतच्या पुढच्या कुठल्याही कापणीला पुन्हा पिन लागत नाही. म्युच्युअल फंड, विम्याचा हप्ता आणि क्रेडिट कार्डाचं बिल यांच्यासाठी ही मर्यादा डिसेंबर २०२३ पासून एक लाख रुपये आहे. म्हणून वर्गणी १९९ रुपयांची असताना कमाल रक्कम ५,००० दिसली तर तिथेच मागे फिरावं. काही ॲपमध्ये ही रक्कम बदलता येत नाही. अशा ॲपना गुण देताना हात आखडता घ्यायला हवा.

ऑटोपेच्या वेळाही माहीत असाव्यात. १ ऑगस्ट २०२५ पासून ही डेबिट गर्दीच्या वेळी होत नाहीत. सकाळी १० च्या आधी, दुपारी १ ते ५ आणि रात्री साडेनऊनंतर, एवढ्याच वेळात होतात. खात्यात पैसे नसले तर एकदा फसल्यावर आणखी जास्तीत जास्त तीन प्रयत्न होतात. त्यामुळे सकाळी डेबिट फसलं म्हणून सुटलो असं समजून संध्याकाळी खात्यात पैसे टाकले, तर रात्री दहाला ते निघून जाऊ शकतात. ज्याला थांबवायचंच आहे त्याने खातं रिकामं ठेवण्याच्या भानगडीत पडू नये. मँडेट रद्द करावं.

कार्डाकडे वळू. ऑगस्ट २०१९ चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून त्याची सक्तीची अंमलबजावणी, यामुळे कार्डावरच्या वसुलीला शिस्त लागली. पहिल्यांदा ओटीपी, प्रत्येक वेळी २४ तास आधी सूचना, ₹१५,००० च्या वर गेलं की पुन्हा ओटीपी, आणि ग्राहकाला कधीही ऑनलाइन रद्द करण्याची सोय. या सगळ्यासाठी ग्राहकाकडून शुल्क घ्यायचं नाही, हेही त्यात आहे. कागदावर ही व्यवस्था उत्तम आहे. अडचण अशी की रद्द करायचं पान प्रत्येक बँकेने वेगळ्या कोपऱ्यात ठेवलंय. कुणाच्या नेटबँकिंगमध्ये ते 'कार्ड सर्व्हिसेस'खाली असतं, कुणी ग्राहकाला बिलडेस्कच्या एसआयहब या वेगळ्या संकेतस्थळावर पाठवतं. तिथे कार्ड नंबर टाकून ओटीपी दिला की त्या कार्डावरची सगळी मँडेट समोर येतात. सोपी युक्ती म्हणजे २४ तास आधीच्या मेसेजमध्येच रद्द करण्याची लिंक किंवा सूचना असते. तो मेसेज शोधा, पान आपोआप सापडतं. मात्र लिंक उघडण्याआधी मेसेज खरोखर बँकेच्याच नावाने आलाय ना, हे बघाच. याच मेसेजची नक्कल करून कार्डाचे तपशील काढून घेणारेही आहेत. शंका आली तर लिंक सोडा आणि बँकेचं संकेतस्थळ स्वतः टाइप करून उघडा.

सूचनेच्या नियमाला एक अपवाद आहे. फास्टॅग आणि मेट्रो-बससाठीचं कॉमन मोबिलिटी कार्ड यांच्यातली शिल्लक ठरावीक रकमेखाली गेली की आपोआप भरणा होतो. त्याला ऑगस्ट २०२४ पासून २४ तास आधीची सूचना लागत नाही. तिथे नंतरचा मेसेजच काय तो, म्हणून भरण्याची रक्कम बेताची ठेवावी.

आणि नॅच. कर्जाचे हप्ते, विमा, जुन्या एसआयपी, शाळांच्या फिया हे सगळं अजूनही मोठ्या प्रमाणावर इथूनच जातं. ईसीएस या जुन्या ऑटो-डेबिट व्यवस्थेच्या जागी आलेली ही व्यवस्थाही एनपीसीआयच चालवते, आणि १ ऑगस्ट २०२१ पासून ती रविवारी व सुट्टीच्या दिवशीही चालू असते. 'पाच तारखेला रविवार आहे, हप्ता सोमवारी जाईल' हा हिशेब तेव्हापासून बाद झाला. पैसे आदल्या संध्याकाळीच खात्यात हवेत, कारण नॅचच्या फायली, म्हणजे त्या दिवशीच्या वसुलीच्या याद्या, सकाळी लवकर लागतात आणि दुपारी भरलेली रक्कम उपयोगाला येईलच असं नाही. बाउन्स झाला की बँकेचा दंड साधारण २५० ते ५०० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, शिवाय कर्ज देणाऱ्याचा वेगळा. पुन्हा वसुली लावली आणि पुन्हा परत गेली तर बँकेचा दंड पुन्हा. त्याहून गंभीर म्हणजे पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ च्या कलम २५ नुसार अपुऱ्या शिलकीमुळे असं डेबिट परत जाणं हा चेक न वटण्यासारखाच गुन्हा आहे. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरले नाहीत तर खटला होऊ शकतो.

नॅचचा फॉर्म मराठी माणसाने सर्वात जास्त वेळा न वाचता सही केलेला कागद असावा. आडवा, एका पट्टीचा फॉर्म. डावीकडे 'क्रिएट, मॉडिफाय, कॅन्सल' असे तीन चौकोन, मध्ये खातं आणि आयएफएससी, खाली रक्कम. त्यात दोन ठिकाणी बघायचं. पहिलं, 'फिक्स्ड अमाउंट'वर खूण आहे की 'मॅक्सिमम अमाउंट'वर. दुसरं, वारंवारता 'मंथली' आहे की 'ॲज अँड व्हेन प्रेझेंटेड'. हप्ता १२,००० चा, कमाल रक्कम ३०,००० आणि वारंवारता 'जेव्हा मागू तेव्हा', असा फॉर्म सही केला तर महिन्यातून दोनदा, वेगवेगळ्या रकमा मागायचा परवाना तुम्ही दिलेला असतो. दंड आणि व्याजाची थकबाकी याच फटीतून कापली जाते, आणि तक्रार केल्यावर बँक तुमचीच सही दाखवते. मुदतीची जागाही कोरी सोडू नये. मँडेट जास्तीत जास्त ४० वर्षं चालू शकतं, आणि तीन वर्षांच्या कर्जाला ४० वर्षांचं मँडेट देण्याचं काहीही कारण नाही. कर्ज संपण्याची तारीख आणि त्यापुढे दोन-तीन महिने, एवढं पुरे.

रद्द करण्यासाठी यूएमआरएन लागतो. प्रत्येक मँडेटचा २० अक्षर-अंकांचा क्रमांक असतो तो. नेटबँकिंगमध्ये 'मँडेट' विभागात किंवा मँडेट नोंदवल्याच्या मेसेजमध्ये सापडतो. काही बँका नेटबँकिंगमधूनच रद्द करू देतात, काही शाखेत अर्ज मागतात. कर्जाचं मँडेट असेल तर बँक बऱ्याचदा आधी कर्ज देणाऱ्या संस्थेकडे बोट दाखवते. अर्ज मोघम नको. खाते क्रमांक, यूएमआरएन, वसूल करणाऱ्या संस्थेचं नाव, कमाल रक्कम, आणि 'अमुक तारखेपासून या मँडेटखालची कोणतीही वसुली स्वीकारू नये' हे स्पष्ट वाक्य. दोन प्रती करायच्या आणि एकीवर शिक्का, तारीख व सही घेऊन ती जपायची. पुढच्या वसुलीच्या किमान आठवडाभर आधी द्या. फायली काही दिवस आधीच तयार होतात, आणि आदल्या दिवशी दिलेला अर्ज त्या महिन्यासाठी वाया जातो.

त्या शिक्क्याची किंमत पुढे कळते. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात एक ओळ आहे, जी काउंटरवरच्या कर्मचाऱ्यांनाही अनेकदा माहीत नसते. ग्राहकाने आपल्या बँकेकडे मँडेट रद्द केल्यानंतरही पैसे कापले गेले, तर जबाबदारी ग्राहकाच्या बँकेची. व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत प्रश्न मिटवायचा, उशीर झाला तर दर दिवशी १०० रुपये भरपाई, आणि तीही तक्रारीची वाट न बघता. पण 'बँकेकडे रद्द केल्यानंतर' या शब्दांवर सगळं अवलंबून आहे. कंपनीच्या ॲपमध्ये रद्द केलं आणि बँकेला कळवलंच नाही, तर ही ओळ तुमच्या बाजूने उभी राहत नाही.

इथे एक फरक मनात पक्का हवा. वर्गणी किंवा कर्ज हा तुमचा आणि कंपनीचा करार, मँडेट ही बँकेला दिलेली परवानगी. एक मोडलं म्हणजे दुसरं मोडत नाही. मँडेट रद्द करूनही कर्ज उरतंच, हप्ता चुकला की सिबिलवर डाग पडतो. उलट एसआयपी बंद केली तरी तिच्यासाठी दिलेलं मँडेट बँकेत जिवंत राहू शकतं, ते वेगळं रद्द करावं लागतं. एसआयपी बंद करण्याची विनंती फंड घराण्याने दोन कामकाजाच्या दिवसांत अमलात आणायची असते, म्हणून बाउन्स होऊ देऊन ती आपोआप बंद पडण्याची वाट बघणं हा महागडा मार्ग आहे. दर वेळी बँकेचा दंड लागतो. कर्ज मुदतीआधी फेडणाऱ्यांनी एनओसीसोबत, म्हणजे कर्ज फिटल्याच्या ना-हरकत पत्रासोबत, मँडेट रद्द केल्याचं पत्रही मागावं, यूएमआरएनसकट. हप्त्याच्या तारखेजवळ फेडलं तर आधीच लागलेल्या फाइलमुळे एक हप्ता जास्तीचा जाऊ शकतो. तो परत मिळतो, पण मागावा लागतो.

आता पैसे गेलेलेच असतील तर. पहिला प्रश्न: परवानगी होती की नव्हती? परवानगीच नव्हती, म्हणजे मँडेट तुम्ही दिलंच नाही, तर हा अनधिकृत व्यवहार. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमानुसार चूक तुमची किंवा बँकेची नसून तिसऱ्याची असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्यासाठी कमाल १०,००० रुपयांपर्यंतचा तोटा तुमच्या माथी. त्यानंतर बँकेचं धोरण म्हणेल ते. तक्रारीनंतर १० कामकाजाच्या दिवसांत बँकेने तात्पुरती रक्कम खात्यात जमा करायची आणि ९० दिवसांत निकाल लावायचा. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याचं काम बँकेचं. म्हणून पहिल्या दिवशीच तक्रार क्रमांक घ्या. सरळ सरळ फसवणूक असेल तर सोबत १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन.

परवानगी होती, पण रद्द केल्यावर किंवा ठरल्याहून जास्त रक्कम कापली, हे जास्त वेळा घडतं. यूपीआयमध्ये त्या व्यवहारावर टॅप करून तिथूनच तक्रार नोंदवायची, १२ अंकी संदर्भ क्रमांक आपोआप जोडला जातो. बँकेला फोन करून तोंडी सांगण्यापेक्षा हे बरं. कार्डावर चार्जबॅकचा, म्हणजे बँकेमार्फत वसुली उलटवून पैसे परत मागण्याचा, मार्ग आहे आणि इथे कार्ड बाकीच्या दोघांपेक्षा सरस ठरतं. व्हिसाच्या नियमांत 'रद्द केलेली आवर्ती वसुली' असं स्वतंत्र कारणच आहे आणि त्याची मुदत १२० दिवस आहे. बँकेच्या डिस्प्यूट फॉर्मवर 'सेवा आवडली नाही' असं लिहू नका. 'अमुक तारखेला रद्द केलं, पुरावा सोबत, तरी वसुली झाली' असं लिहा. कारण चुकलं की फॉर्म परत येतो. आपली बँक अर्ज घेण्याची मुदत याहून कमी ठेवू शकते, म्हणून बिल आलं त्याच महिन्यात हा फॉर्म भरा. कंपनीने पैसे परत दिल्याचं सांगितलं तर परताव्याचा संदर्भ क्रमांक मागा. तो नसेल तर पैसे निघालेले नाहीत.

फसव्या मोफत चाचणीत अडकलेल्यांसाठी आणखी एक दार आहे. ३० नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयीच्या, म्हणजे ॲप-संकेतस्थळांवर ग्राहकाला फसवणाऱ्या रचनांविषयीच्या, सरकारी मार्गदर्शक सूचनांमध्ये १३ प्रकार दिले आहेत आणि रद्द करणं मुद्दाम अवघड ठेवणं हा त्यातला एक. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, नेमका हाच मुद्दा मांडायचा. बँकेविरुद्धची तक्रार ३० दिवसांत सुटली नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. त्याचा फोन १४४४८, अर्ज सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या संकेतस्थळावर, शुल्क नाही. बँकेकडे आधी लेखी तक्रार केलेली नसेल तर तिथे अर्ज टिकत नाही.

शेवटी पासबुकातल्या दोन छोट्या रकमांविषयी, कारण त्यांच्यावरून शाखेत सर्वाधिक वाद होतात: २० रुपये आणि ४३६ रुपये. पंतप्रधान सुरक्षा विमा आणि जीवन ज्योती विमा यांचे हे वर्षाचे हप्ते. विम्याचं वर्ष १ जून ते ३१ मे असतं, त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात ते कापले जातात. खातं उघडताना किंवा नंतर कधी फॉर्मवर सही झालेली असेल तर ते दर वर्षी जातात. ना यूपीआय ॲपमध्ये दिसतात, ना नॅचच्या यादीत. नको असतील तर मे उजाडायच्या आत शाखेत लेखी कळवायचं. सही आठवत नसेल तर संमतीपत्राची प्रत मागायची, आणि बँकेला ती दाखवता आली नाही तर त्याच अर्जात पैसे परत मागायचे. तुमच्या दोन खात्यांतून हेच हप्ते दोनदा कापले गेले असतील, तर एका खात्यातला विमा बंद करायला सांगा. हा विमा एका माणसाला एकाच खात्यातून घेता येतो, दुसरा हप्ता भरून विम्याची रक्कम दुप्पट मिळत नाही.